सुटलेला हातचा

जरा थांबा, आधी मला शून्यावर येऊ द्या. मागचा आकडा पुसल्याशिवाय पुढचं मोजायचं नाही, ही ताईंनी मला लावलेली शिस्त. हं, झालं. आता बोलतो.

मी एक काउंटर आहे. काउंटर म्हटल्यावर तिकिटाची खिडकी आणि तिच्यापुढची रांग तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल, पण तसला नाही. मी मोजणारा काउंटर. साबणाच्या डबीहून थोडा मोठा, अंगाने लोखंडी, रंगाने हिरवा, आणि हल्ली बराचसा पोपडे निघालेला. मला दोन बटणं आहेत, एक डावं आणि एक उजवं. प्रत्येक बटणावर एक छोटी खिडकी आणि खिडकीत आकडा. बटण दाबलं की मी 'टक' म्हणतो आणि आकडा एकने पुढे सरकतो. दिवसभर माझं तेच चालतं, म्हणून सगळे मला टकल्या म्हणायचे. डोक्यावर केस नाहीत हेही त्यात आलंच.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात चाकं बसवली. एका खिडकीमागे तीन चाकं, एककाचं, दशकाचं आणि शतकाचं. एककाचं चाक नवाच्या पुढे गेलं की ते दशकाच्या चाकाला ढकलतं, दशकाचं तसंच शतकाच्या चाकाला. शाळेत बेरीज करताना तुम्ही हातचा धरता ना, तेच हे. तुम्ही तो बोटावर धरता, मी दातावर. त्यासाठी माझ्या चाकांना तांदळाच्या दाण्याएवढे पितळी दात आहेत. बाईंनी मला शंभरदा दाबून पाहिलं, मान डोलावली आणि खोक्यात घातलं. ती शंभराची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

खोक्यातून निघालो तो एका कॉलेजात गेलो. तिथे माझे फार हाल झाले. मुलं मला कानाशी धरून टकटक करत, एकमेकांच्या जांभया मोजत, सरांनी 'म्हणजे काय' कितीदा म्हटलं ते मोजत. ज्या कामासाठी मला आणलं होतं, ते काम मात्र वर्षातून दोनदा. मग एके दिवशी मला मोडक्या वस्तूंच्या कपाटात टाकलं आणि तिथे मी किती वर्षं होतो ते मलाच ठाऊक नाही. मोजणाऱ्याला न मोजता पडून राहणं फार जड जातं.

तिथून मला ताईंनी बाहेर काढलं.

ताई म्हणजे प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या. वयाने साठीला टेकलेल्या, बोलायला फटकळ, कामाला चोख. त्या कपाटात त्या दुसरंच काहीतरी शोधायला आल्या होत्या. मला उचललं, फुंकर मारली, दाबलं. टक. "अगं बाई, आवाज बघा किती खणखणीत आहे याचा!" म्हणाल्या आणि कुणाला तरी सांगून मला सोबत घेऊन गेल्या. आयुष्यात कुणीतरी आपला आवाज ऐकून आपल्याला निवडावं, याहून आणखी काय हवं?

त्यांची प्रयोगशाळा एका छोट्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. दोन खोल्या, दोन सूक्ष्मदर्शक, रंगाचे डाग पडलेलं बेसिन, आणि भिंतीला सरकती काच. त्या काचेतून वॉर्डातली पहिली खाट दिसायची. माझी जागा त्या काचेजवळ.

तिथे हिवतापाचं काम चालायचं. हिवतापाचे जंतू भारी चिवट. जुन्या गोळ्यांना ते सरावले होते. गोळी घेतली की ताप उतरायचा, माणूस कामाला लागायचा, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दात वाजवत खाटेवर. जंतू मेलेच नव्हते, नुसते दबा धरून बसले होते. म्हणून दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली होती. साठ रुग्णांना ते द्यायचं आणि ते जंतूंना खरोखर मारतंय की नाही ते बघायचं.

ते बघणं म्हणजे माझं काम. रुग्णाच्या रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर वाळवतात, जांभळ्या रंगात बुडवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. मोजणारा एकदा डोळा भिंगाला लावतो तो लावतोच. पांढरी पेशी दिसली की डावं बटण, हिवतापाचा जंतू दिसला की उजवं. डावीकडे दोनशे झाले की माझी घंटी वाजते. मग तो मान वर करतो आणि उजव्या खिडकीतला आकडा लिहितो. दोनशे पांढऱ्या पेशींमागे इतके जंतू, असा हिशोब.

नियम कडक होते. प्रत्येक काच दोघांनी वाचायची. एक ताई आणि दुसरे मास्तर. मास्तर पूर्वी खरोखरच शाळेत विज्ञान शिकवायचे. मग त्यांनी प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं आणि इकडे आले, पण शिकवणं काही सुटलं नाही. समोर कुणी नसलं तर बेसिनला शिकवत. दोघांनी वेगळ्या खोल्यांत बसायचं, एकमेकांचा आकडा विचारायचा नाही, काचेवर रुग्णाचं नाव नाही, फक्त क्रमांक. आकडा लिहिलेला कागद पाकिटात घालायचा, आणि दोन्ही पाकिटं मॅडमनी, म्हणजे डॉक्टरांनी उघडायची. दोघांचे आकडे जवळपास जुळले तर खरे.

इतकी काळजी घेणाऱ्या या माणसांनी एका गोष्टीकडे मात्र कानाडोळा केला. काउंटर एकच होता. दुसऱ्या काउंटरची स्प्रिंग तुटली होती, नव्याची मागणी वर गेली होती आणि तीन महिने वरच होती. तोवर ताईंची मोजणी झाली की त्या मला शून्यावर आणायच्या आणि मास्तरांच्या खोलीत नेऊन द्यायच्या. "आकडा पुसलाय हो, बघायला काही मिळणार नाही," असं वर बजावायच्या. दोन माणसं, दोन खोल्या, दोन पाकिटं, आणि दोघांच्या हातात मी.

आणखी एक नियम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दोन दिवस औषध पोटात जाऊनही जंतू पहिल्या दिवसापेक्षा वाढलेले निघाले, तर औषध हरलं. त्या रुग्णाला चाचणीतून काढून लांबच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, सुईच्या औषधावर. आणि असे तीन जण निघाले तर चाचणीच बंद करायची. असे दोन आधीच निघाले होते. तेव्हापासून मॅडम पाकीट फोडण्याआधी ते दोनदा उलटसुलट करून बघायच्या.

आता त्या सोमवारबद्दल.

सकाळी मास्तर सिस्टरना समजावत होते की रंग गाळून का घ्यायचा. मास्तर शिकवायला लागले की त्यांचे हात आवरत नाहीत. एक हात असा गेला, मी टेबलाच्या कडेला होतो, आणि पुढच्या क्षणी फरशीवर. सिस्टर म्हणाल्या, "गेला वाटतं." मास्तरांनी मला उचललं, दोन्ही बटणं दहा-बारा वेळा दाबली. टक टक टक. आकडा बरोबर सरकला. "छे, जुन्या वस्तू अशा जात नाहीत," म्हणाले आणि मला जागेवर ठेवलं. ताई अजून आल्या नव्हत्या.

माझ्या उजव्या बाजूचा एक दात तुटला होता. दशकाच्या चाकाचा, शतकाला ढकलणारा. तो माझ्या पोटात खाली जाऊन पडला. मला कळलं होतं, पण मी 'टक' याखेरीज काय बोलणार? आवाज तर तसाच खणखणीत होता. नव्याण्णवपर्यंत मी तसा साव. त्यानंतर मात्र हातचा माझ्याकडून निसटणार होता.

त्याच सकाळी भिंगरी आली.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. वय सात. एका जागी कधी उभी राहत नाही, गोल गोल फिरते, म्हणून भिंगरी. पण मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका बाईच्या खांद्यावर ओल्या कपड्यासारखी पडली होती. त्या बाई तिच्या आत्या. कपडे शिवायच्या, गळ्यात टेप तसाच लटकत होता, घाईत काढायला विसरल्या असाव्यात.

"डॉक्टरीणबाई, ही तिसरी वेळ," आत्या म्हणाल्या. "चार महिन्यांत तिसरी. गोळ्या देतो, उठते, खेळते, आम्ही म्हणतो सुटलो. की परत अंग तापलंच! हिची आई बाळंत होऊन आठ दिवस झालेत, तिला मी काय सांगून निघाले ते माझं मला माहीत."

मॅडमनी त्यांना नव्या औषधाबद्दल सगळं नीट सांगितलं. हे अजून तपासलं जातंय, नाही म्हटलंत तरी उपचार होतील, मध्येच थांबायचं असेल तर थांबता येईल. आत्यांनी निम्मं ऐकलं, मग पुन्हा विचारून उरलेलं निम्मं ऐकलं. त्यांनी भिंगरीच्या बापाला फोन लावला, त्याच्याशी बोलणं झालं, तो स्वतः येऊन कागदावर सही करून गेला. भिंगरीच्या बोटाला सुई टोचली. ती रडली नाही. एवढी मरगळ होती की रडायलाही ताकद नव्हती. आत्यांनी मात्र पदर डोळ्यांना लावला.

क्रमांक मिळाला सदतीस. ताईंची त्या दिवसातली पहिलीच काच.

ताई मोजायला बसल्या. जंतू, जंतू, पेशी, जंतू. उजव्या बटणावर बोटाचा नुसता पाऊस. मी मोजत गेलो, नव्वद, पंच्याण्णव, नव्याण्णव, आणि पुढे शंभर दाखवायचे तर खिडकीत तीन शून्यं! ताईंचा डोळा भिंगाला. त्या टक टक ऐकत होत्या, आकडा कशाला बघतील? दोनदा, तीनदा तसंच झालं. मध्येच त्यांनी बोट झटकलं आणि मधल्या बोटाने दाबायला लागल्या. शेवटी घंटी वाजली. त्यांनी मान वर केली. खिडकीत होते शेहेचाळीस.

"एवढेच?" त्या म्हणाल्या.

क्षणभर त्यांनी भुवया ताणल्या. पण ताईंचाच नियम होता, नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचा. 'वाटतं' ते लिहायचं नाही, दिसतं ते लिहायचं. माणूस थकतो, यंत्र थकत नाही. त्यांनी शेहेचाळीस लिहिले आणि पाकीट बंद केलं. मला शून्यावर आणून मास्तरांकडे दिलं. मास्तरांनी मोजलं आणि माझ्या खिडकीत आले एक्केचाळीस. दोन पाकिटं, दोन आकडे, एकमेकांना छान धरून. कुणाला शंका येणार?

मला येत होती ना! पण माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या बोटाखाली.

बुधवारी भिंगरीचं पुन्हा रक्त घेतलं. ताईंनी मोजलं, एकसष्ट. मास्तरांनी मोजलं, अठ्ठावन्न. हे आकडे खरे होते. शंभराच्या आत मी खोटं बोलत नाही.

बाराच्या सुमाराला मॅडम चारही कागद हातात घेऊन प्रयोगशाळेत आल्या. चेहरा पांढरा पडलेला.

"सदतीस नंबर," त्या म्हणाल्या. "सोमवारी शेहेचाळीस आणि एक्केचाळीस. आज एकसष्ट आणि अठ्ठावन्न. वाढलेत."

बेसिनचा नळ ठिबकत होता, तो मी मोजत बसलो.

"तिसरी," मॅडम म्हणाल्या. "दुपारी दोन वाजेपर्यंत चाचणीच्या समितीला कळवायचं. चाचणी बंद. आणि मुलीला गाडीने मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. ड्रायव्हर जेवायला गेलाय, आला की निघतील."

तेवढ्यात काचेपलीकडून आवाज आला. भिंगरी खाटेवर उभी होती. दोन्ही हात पसरून, गादीवर गोल फिरायच्या बेतात. आत्या तिचा फ्रॉक धरून ओढत होत्या. "बस म्हणते ना खाली! नाहीतर दोरा घेते आणि खाटेला शिवून टाकते बघ!"

"तिच्याकडे बघून वाटत नाही हो," मॅडम म्हणाल्या.

"दिसण्यावर जायचं नसतं, मॅडम," मास्तर हळूच म्हणाले. शिकवायचा सूर नव्हता, आवाज पडला होता. "ताप उतरला म्हणजे जंतू गेले असं नाही. याच फसवणुकीसाठी तर आपण मोजतो."

खरंच होतं ते. मॅडम मान हलवून दाराकडे वळल्या. माझ्या पोटात तो तुटका दात खुळखुळत होता. मोलाचं औषध, तीन महिन्यांचं काम, आणि एवढी पोर विनाकारण सुया खायला निघालेली, सगळं माझ्यापायी. मला फरशीवरच मोडून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

ताई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या हाताने चोळत होत्या. उगाच, सवयीने चोळतात तसं. आणि चोळता चोळता थांबल्या.

"मॅडम, एक मिनिट. सोमवारची सदतीस मी सकाळी पहिली वाचली."

"बरं मग?"

"त्या काचेला मी बोट बदललं होतं."

"म्हणजे?"

"हे बोट भरून आलं होतं, म्हणून पुढे या बोटाने दाबलं. दिवसातली पहिली काच, बोट ताजं. शेहेचाळीस जंतूंना कोण बोट बदलतं, मास्तर? तुम्ही बदलाल?"

मास्तर स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाले, "मी... मीही मध्ये थांबलो होतो, ताई. पाणी प्यायला उठलो होतो. मला वाटलं, उकाड्याने."

"तुमचंही तसंच? मग काच काढा!"

काचा जपून ठेवायच्या असा नियम होता, आणि तो नियम त्या दिवशी देवासारखा धावून आला. लाकडी पेटीतून सोमवारची सदतीस क्रमांकाची काच निघाली. ताईंनी मला बाजूला सारलं. "याला आज सुट्टी," म्हणाल्या. कागद आणि पेन्सिल मास्तरांकडे दिली. ताई भिंगातून बघून ओरडायच्या आणि मास्तर रेघा मारायचे. चार उभ्या, पाचवी आडवी.

"जंतू. जंतू. पेशी. जंतू. जंतू, जंतू. पेशी."

शंभर पेशी व्हायच्या आतच मास्तरांचा कागद जंतूंच्या जुड्यांनी भरला. त्यांनी पाठची बाजू घेतली. त्यांच्या कानशिलावर घाम आला होता. मॅडम स्टुलाच्या पाठीमागे उभ्या, घड्याळाकडे एकदा, कागदाकडे दहादा बघत. मी टेबलावर तोंड मिटून बसलेलो, पण मनात प्रत्येक रेघेबरोबर 'टक' म्हणत होतो. इतक्या मनापासून मी पूर्वी कधी मोजलं नव्हतं.

दोनशे पेशी झाल्या. मास्तरांनी जुड्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"तीनशे बावन्न," ते म्हणाले.

मॅडमनी कागद स्वतःकडे ओढला. "तीनशे बावन्न? आणि आज साठ?"

"थांबा," ताई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. आता मास्तर बघतील, रेघा तुम्ही मारा. मी बाहेर जाते."

मास्तरांची मोजणी आली तीनशे चव्वेचाळीस. ताईंनी दारातून ऐकलं आणि पहिल्यांदा हसल्या. दोन मोजण्या तंतोतंत जुळल्या असत्या तर त्यांनाच संशय आला असता.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला हातात घेतलं, शून्यावर आणलं आणि उजवं बटण दाबायला सुरुवात केली. मोठ्याने मोजत. सगळे खिडकीकडे बघत होते. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. टक. तीन शून्यं.

"हात्तिच्या!" ताई म्हणाल्या. "शतकं खातोय लबाड!"

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगू? सुटल्यासारखंही वाटलं. दोन दिवस गिळून बसलेलं खोटं एकदाचं बाहेर आलं होतं.

"सोमवारी सकाळी माझ्या हातून पडला होता," मास्तर खाली बघत म्हणाले. "मी दाबून पाहिला होता, ताई. दहा-बारा वेळा. चालत होता."

मला वाटलं, आता ताई कडाडणार. त्यांचं तोंड मला ठाऊक होतं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "शंभर वेळा दाबायचा होता, मास्तर. आणि दोघांत एक काउंटर फिरवायची परवानगी कुणी दिली? मीच. दोन दोन पाकिटं करत बसलो आणि चूक मात्र दोघांनी एकाच डबीतून काढली. चूक लिहायची आहे, कागद आणा. दोघांच्या सह्या."

मॅडमनी समितीला कळवलं खरं, पण औषध हरल्याचं नाही. मोजणीत चूक झाली, ती कशी सापडली, आणि सोमवारपासूनच्या सगळ्या काचा पुन्हा वाचल्या जातील, असं. ड्रायव्हर जेवून हात पुसत आला, त्याला पुन्हा पाठवून दिलं. मॅडम स्वतः पहिल्या खाटेपाशी गेल्या. सरकती काच उघडी होती, मला सगळं ऐकू आलं.

"जंतू साडेतीनशेवरून साठावर आलेत, आत्याबाई. औषध लागू पडतंय. आमचं मोजायचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून मघाशी मी घाबरले होते."

आत्या गळ्यातला टेप हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, टेपसुद्धा ताणला जातो. मी दर सहा महिन्यांनी नवा टेप जुन्याला लावून बघते. तुम्ही इतकी शिकलेली माणसं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मॅडमना हसू आलं. आणि आत्या, एवढ्या ठसक्याने बोललेल्या आत्या, भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून हमसून हमसून रडायला लागल्या. भिंगरी गोंधळून म्हणाली, "आत्या, मी बसते खाली. रडू नको, बसते ना!"

माझ्याही जिवात जीव आला.

पुढचे दोन दिवस ताई आणि मास्तर पेन्सिलीने मोजत होते. अकरा काचा पुन्हा वाचल्या. त्यात एक होडी चालवणाऱ्या आजोबांची होती. त्यांचे जंतू आम्ही तीस समजून बसलो होतो, ते निघाले एकशेतीस. उतरले होते, पण हवे तितके नाही. आजोबा घरी जायला पिशवी भरून बसले होते, त्यांना आणखी तीन दिवस ठेवून घेतलं. ते कुरकुरले आणि बरे होऊन गेले. माझी लबाडी एकदा औषधाच्या विरुद्ध आणि एकदा औषधाच्या बाजूने गेली होती. हे मी सांगतोय, कारण नुसतं भिंगरीचंच सांगितलं असतं तर तोही एक सुटलेला हातचाच झाला असता.

भिंगरीचे जंतू गुरुवारी पाच होते. शुक्रवारी शून्य. ते शून्य माझ्या खिडकीत आलं नाही, मास्तरांच्या कोऱ्या कागदावर आलं. एकही रेघ नसलेला कागद बघून एवढी खुशी होते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

वर गेलेली मागणी पंधरा दिवसांत खाली आली. एक नाही, दोन नवे काउंटर. ताईंनी प्रत्येकाला रोज सकाळी शंभर वेळा दाबायचा दंडक घातला. मास्तर तो नव्या सिस्टरना शिकवतात, हात खिशात घालून. साठ रुग्ण पूर्ण झाले. औषध हरलेले ते आधीचे दोनच राहिले. मॅडमनी कागद मोठ्या लोकांकडे पाठवले, पुढची तपासणी आता आणखी ठिकाणी होणार आहे.

आणि मी? माझ्या नावापुढे 'निकामी' असा शेरा पडला. ताईंनी मला भंगारात टाकू दिलं नाही. त्यांच्या खणात मी सहा आठवडे पडून होतो, रबरबँड आणि जुन्या चष्म्याच्या शेजारी. यावेळी पडून राहणं तितकं जड गेलं नाही. कपाटातला काळ मी फुकट घालवला होता, खणातला मात्र निवांतपणे.

बेचाळिसाव्या दिवशी भिंगरीचं शेवटचं रक्त घ्यायचं होतं. त्या दिवसापर्यंत जंतू परतले नाहीत, तर ते गेले. बोटाला सुई टोचली तर या वेळी तिने असं भोकाड पसरलं की वॉर्ड गोळा झाला. ताई काच घेऊन आत गेल्या, मास्तर दुसऱ्या खोलीत. दोघांच्या हातात आपापले काउंटर. बाहेर बाकावर आत्या बसल्या होत्या. टेप गळ्यात होता आणि त्याचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मॅडमनी पाकिटं फोडली. शून्य. आणि शून्य.

ताई बाहेर आल्या त्या मला घेऊनच. त्यांनी मला भिंगरीच्या हातात ठेवलं. "हा टकल्या. निवृत्त झालाय, पुढच्या महिन्यात मीही होणार आहे. तू सांभाळ याला. पण एक लक्षात ठेव, हा शंभर विसरतो."

आता मी आत्यांच्या शिलाई मशीनशेजारी राहतो. भिंगरी माझ्यावर सगळं मोजते. बटणं, चिंध्या, धाकट्या भावाची रांगण्याची पावलं, आणि स्वतःच्या गिरक्या. तुम्ही कुणी मोजणारे असाल, रक्त, कापड, औषध, काहीही, तर हातातल्या यंत्राला कधीतरी शंभरापर्यंत दाबून बघा. त्याचा आवाज खणखणीत आहे एवढ्यावर जाऊ नका. आणि तुमचं बोट काही म्हणत असेल, तर निदान एकदा ऐकून घ्या.

आज सकाळपासून गिरक्या चालू आहेत. एका हातात मी, दुसरा हात मोकळा. नव्याण्णव झाल्या, पुढच्या गिरकीला माझ्या खिडकीत तीन शून्यं आली, आणि भिंगरीने न थांबता मोकळ्या हाताचं एक बोट मिटलं.